इंग्लंडमधलं सॉफ्ट प्ले: लहानग्यांना नेताना या चुका टाळा

ऑक्टोबर संपतो, घड्याळं एक तास मागे जातात, दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडायला लागतो आणि इथल्या मराठी आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो: पोराला न्यायचं कुठे? उत्तर बहुतेक वेळा सॉफ्ट प्ले. एखाद्या जुन्या गोदामात नाहीतर काउन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) लेजर सेंटरमध्ये, म्हणजे क्रीडा-करमणूक केंद्रात, उभा केलेला जाळीचा दोन-तीन मजली सांगाडा, फोमचे ठोकळे, बॉल पूल, घसरगुंड्या आणि कडेला कॅफे. सगळीकडे गुबगुबीत गाद्या दिसतात, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या आपण निर्धास्त होतो. पण मऊ असतो तो फोम. वरून धावत येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचा गुडघा चांगलाच टणक असतो.

वेळ चुकणं

दोन वर्षांच्या मुलाला पावसाळी शनिवारी दुपारी नेणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातूनच जन्मतात. त्या वेळी वाढदिवसाच्या एक-दोन पार्ट्या चालू असतात, मोठी मुलं सुसाट असतात आणि आपलं पिल्लू कोपऱ्यात रडत बसतं. हीच जागा आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी बघा. शाळा चालू असतात, शांतता असते, बऱ्याच ठिकाणी छोट्यांसाठी वेगळं सत्र असतं आणि तिकीटही कमी असतं. साधारण साडेतीनला शाळा सुटल्या की चित्र पालटतं, त्याआधी निघालेलं बरं. दोघेही नोकरी करत असाल तर रविवारी दार उघडताच पोचा. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे महिन्यातल्या हाफ टर्मच्या, म्हणजे सत्रामधल्या सुट्टीच्या, आठवड्यात मात्र सकाळसुद्धा उपयोगाची नसते. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि मोजे विसरू नका, मोठ्यांचेसुद्धा. अनवाणी आत सोडत नाहीत आणि काउंटरवरचे मोजे महाग पडतात.

मांडीवर घेऊन घसरणं

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून टाळायला अवघड. एकटं पाठवायला भीती वाटते, मग बाबा दीड वर्षाच्या लेकीला मांडीत घेऊन घसरगुंडीवरून खाली येतात. फोटोही छान येतो. पण खाली येताना मुलाचा पाय कडेला किंवा पृष्ठभागावर अडकतो, बुटाचा किंवा मोज्याचा रबरी तळ घट्ट धरतो आणि मोठ्या माणसाचं सगळं वजन पुढे जात राहतं. त्यात नडगीचं हाड पिरगळून मोडतं. मूल एकटं घसरत असतं तर पाय अडकल्यावर त्याच्या छोट्याशा वजनाने ते फार तर थांबलं असतं. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळातल्या घसरगुंडीच्या अपघातांच्या अभ्यासातही हेच पुढे आलं: सर्वाधिक जखमी मुलं एक ते दोन वर्षांच्या दरम्यानची, आणि सर्वाधिक आढळलेली इजा म्हणजे फ्रॅक्चर, तेही बहुतेक गुडघ्याखालच्या पायाचं. छोट्यांसाठी कुंपण घालून वेगळ्या ठेवलेल्या भागातल्या बुटक्या घसरगुंडीवर मुलाला एकटं बसवा आणि बाजूला उभं राहून हात द्या. उंच घसरगुंडीसाठी ते तयार नसेल तर तिथे नेऊच नका.

घसरगुंडीसाठी पायघोळ पँट हवी. उघड्या मांड्या-पोटऱ्या प्लॅस्टिकवर घासून भाजल्यासारख्या लाल होतात.

काळा दोरा, चेन आणि लटकन

आपल्या मुलांच्या अंगावर काही ना काही असतंच. बारशाची सोन्याची चेन, काळ्या मण्यांच्या मनगट्या, करगोटा, पायात वाळे, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा. घरात ठीक आहे. पण सॉफ्ट प्लेमध्ये सगळीकडे जाळी असते आणि गळ्यातला दोरा जाळीच्या गाठीत किंवा बोल्टमध्ये अडकला, खालून पाय सुटला, की गळफास बसायला वेळ लागत नाही. मनगटी तुटली तर मणी बॉल पूलमध्ये सांडतात आणि दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या तोंडात जातात. आजी फोनवरून रागावली तरी चालेल, गळ्यातलं आणि हातातलं निघण्यापूर्वी घरीच काढा. तिथे काढून खिशात ठेवलेलं हमखास हरवतं.

कपड्यांचंही तेच. इथल्या मानकानुसार ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला ओढण्याची नाडी चालत नाही, म्हणून इथल्या दुकानातून घेतलेल्या हुडीला ती नसते. गावाहून आलेल्या जॅकेटला, कुर्त्याला किंवा घागऱ्याच्या चोळीला ती असू शकते. पार्टीसाठी मुलीला नटवायचं असेल तर खेळून झाल्यावर कपडे बदला.

लक्ष कुणाचं?

तिथले कर्मचारी गल्ला, कॅफे आणि साफसफाई बघतात. मुलं सांभाळणं त्यांचं काम नसतं, आणि तशी पाटीही भिंतीवर लावलेली असते. चार मराठी कुटुंबं एकत्र गेली की 'कुणीतरी बघतंय' असं प्रत्येकाला वाटतं आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसतं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा आणि ज्याची पाळी त्याने फोन पर्समध्ये ठेवायचा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना एकटं पाठवत असाल तर मुलाला छोट्यांच्याच भागात ठेवायला सांगा. सांगाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून रडणाऱ्या नातवाला आणायला रांगत चढायचं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांची परीक्षाच.

दुसऱ्याच्या मुलाने ढकललं तर आपणच त्याला ओरडायला जाऊ नका. मध्ये हात घाला, आपलं मूल बाजूला घ्या, पुन्हा झालं तर कर्मचाऱ्यांना सांगा. आणि आजीला व्हिडिओ कॉल लावलात तर कॅमेऱ्यात इतरांची मुलं येणार नाहीत हे बघा. इथे लोकांना ते मुळीच खपत नाही, काही ठिकाणी तर फोटोंना बंदीच असते.

डबा

बहुतेक जागी बाहेरचं खाणं चालत नाही, बाळाच्या खाण्याला मात्र सहसा सूट मिळते. बॅगेत शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की नसलेलीच बरी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं इथे बरीच भेटतात आणि कूट लागलेले हात थेट बॉल पूलमध्ये जातात. कॅफेत चिप्स, बीन्स ऑन टोस्ट, जॅकेट पोटॅटो हे शाकाहारी पर्याय मिळतात. जेलीत आणि गमी गोळ्यांमध्ये मात्र बहुधा जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, ते विचारून घ्या.

आणि ते निळं-लाल स्लश, म्हणजे भुसभुशीत बर्फाचं गोड पेय. साखर कमी करून बर्फ भुसभुशीत राहावा म्हणून त्यात अनेकदा ग्लिसरॉल नावाचा गोडसर पदार्थ घालतात. लहान मुलांमध्ये त्याने रक्तातली साखर घसरू शकते, मूल सुस्तावतं, क्वचित शुद्धही हरपते. इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ मध्ये ४ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं सांगितलं आणि २०२५ मध्ये ही मर्यादा ७ वर्षांपर्यंत वाढवली. मशीन दिसलं की मूल हट्ट धरणारच, त्यामुळे बाकी काय मिळेल ते घरूनच ठरवून निघा.

आजारी असताना नेणं

जुलाब किंवा उलट्या थांबल्यावर ४८ तास नर्सरीत पाठवू नका हा एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) नियम इथेही पाळा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. हॅंड जेलवर विसंबू नका, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याने जात नाही. खेळून झाल्यावर आणि खाण्याआधी साबण-पाणीच लागतं.

पडलं, लागलं, तर

साधं टेंगूळ असेल तरी गल्ल्यावर सांगून अपघात वहीत नोंद करून घ्या. पायाला लागलेलं मूल पायावर भार द्यायला तयार नसेल तर सूज नाही म्हणून थांबू नका, लहानग्यांचं फ्रॅक्चर अनेकदा बाहेरून दिसत नाही. कळेनासं झालं तर एनएचएसच्या १११ या सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा. डोक्याला मार लागून उलट्या होत असतील तर थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, गाठा. मूल विचित्र गुंगत असेल, नाका-कानातून पाण्यासारखं काही येत असेल, बेशुद्ध पडलं किंवा झटके आले तर ९९९ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेला भाचा असेल तरी बिलाच्या धास्तीने घरी नेऊ नका. इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातले उपचार सगळ्यांनाच मोफत असतात. पैशांचा प्रश्न येतो तो पुढे वॉर्डात दाखल केल्यावर, त्यासाठी त्याचा प्रवास विमा असू द्या.