दोस्त परदेशात आहे म्हणून निघालात? या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बरेच बेत ठरतात, हाही तिथंच ठरतो. सुट्टीला आलेला मित्र म्हणतो, "लेका, एकदा ये की तिकडं. राहायची-खायची काळजी माझी. तू फक्त तिकीट काढ." आणि आपण खरोखरच फक्त तिकीट काढतो. राहायची सोय मित्र करतो हे खरं. पण व्हिसा, विमा, विमानतळावरचा अधिकारी आणि पंचगंगेचा पूर यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं. 'मित्र आहे की तिकडं' या भरवशावर जे अडतं, त्याबद्दल हे टिपण.

उदाहरणाला जर्मनी घेतलाय, कारण आपल्याकडची पुष्कळ पोरं शिकायला आणि नोकरीला तिकडं आहेत. शिवाय जर्मनीसह २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे, चुका मात्र बहुतेक याच.

आधी तिकीट, मग व्हिसा

स्वस्त दिसलं म्हणून परतावा न मिळणारं तिकीट घ्यायचं आणि मग व्हिसाच्या मागं धावायचं, ही सगळ्यांत महागडी चूक. अर्जासाठी विमानाचं आरक्षण दाखवलं तरी पुरतं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण प्रकरण तपासणीत अडकलं तर ४५ दिवसही लागतात. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याला स्वतः जावं लागतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा पटापट भरतात. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच कागद गोळा झालेले बरे.

त्याआधी कपाटातला पासपोर्ट काढून बघा. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अनेक देश सहा महिन्यांची मुदत मागतात, तेव्हा सहाच धरून चाला. नूतनीकरणासाठी आता कोल्हापुरातच टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

नावाचं एक बघा. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र 'दिलेल्या नावा'त असतं आणि आडनाव वेगळं. तिकीट काढताना मधलं नाव गाळलं किंवा लग्नानंतरचं आडनाव टाकलं, की चेक-इनला प्रश्न येतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर.

आवतणाचं पत्र आलं म्हणजे व्हिसा झाला?

नाही. मित्राचं पत्र एवढंच सांगतं की तुम्ही कुणाकडं, किती दिवस आणि कशासाठी येताय. त्यात त्याचा पूर्ण पत्ता, तुमचं नातं, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. सोबत त्याच्या रहिवासी परवान्याची प्रत जोडावी. खर्च तो करणार असेल तर जर्मनीत त्याला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, स्वतःची मिळकत दाखवून, सरकारी हमीपत्र करावं लागतं. ही नुसती औपचारिकता नाही. तुमच्यावर तिथल्या सरकारचा खर्च झाला तर तो त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. मित्राला हे माहीत नसतं, आणि आपणही 'एक सही तर आहे' म्हणून मागतो. जमत असेल तर स्वतःच्या पैशावर अर्ज करा.

व्हिसा अधिकाऱ्याच्या मनात मुख्य प्रश्न एकच असतो: हा माणूस परत येईल का? त्याचं उत्तर तुमच्या कोल्हापुरातल्या कागदांतून मिळतं. इथं आपली खास अडचण अशी, की बऱ्याच घरांची मिळकत पगाराची नसते. ऊसबिल हप्त्यांनी येतं, उद्यमनगरात फौंड्रीचं काम असतं, गुजरीत दुकान असतं, ठेवी पतसंस्थेत असतात. मग अर्जाच्या आधी आठवडाभर कुणीतरी सुचवतं, "खात्यावर चार लाख टाक, भावाकडनं घे." हे अजिबात करू नका. महिनोन्महिने वीस-तीस हजारांवर असलेल्या खात्यात अचानक चार लाख दिसले, की ते उसने आहेत हे कुणालाही कळतं.

ऊसबिल जमा झाल्यामुळं रक्कम मोठी दिसत असेल तर कारखान्याची बिलाची पावती जोडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं भरलेली असली की बाजू भक्कम होते. सातबारा, दुकानाचा परवाना, जीएसटीची कागदपत्रं आणि लग्नाचा दाखला यांतलं जे मराठीत असेल त्याचा इंग्रजी अनुवाद करून घ्या. मराठी सातबारा तसाच जोडला तर तो वाचणार कोण? आणि एक साधं पत्र स्वतः लिहा: मी कोण, काय करतो, मित्राची ओळख कुठली, कधी परत येणार आणि का. एजंटकडचं तयार पत्र देऊ नका. तीच वाक्यं व्हिसा अधिकाऱ्यांनी आधी शंभर अर्जांत वाचलेली असतात.

अर्ज नेमका कोणत्या देशाकडं करायचा, यातही गडबड होते. विमान आधी पॅरिसला उतरतं म्हणून फ्रान्सकडं, असं नसतं. सर्वांत जास्त दिवस जिथं राहणार, त्या देशाकडं अर्ज जातो. 'अमुक देशाचा व्हिसा सोपा' म्हणून तिकडून घेतला आणि सगळे दिवस मित्राकडं जर्मनीत काढले, तर पुढच्या वेळी ते आडवं येतं.

व्हिसावरचे दोन आकडे

शिक्क्यावर 'पासून-पर्यंत' तारखा असतात आणि खाली दिवसांचा वेगळा आकडा असतो. तारखा ३० दिवसांच्या आणि मुक्काम १५ दिवसांचा, असं होऊ शकतं. तारखा बघून राहिलात तर मुदतीपेक्षा जास्त राहिलात असं धरलं जातं. उतरलेला आणि निघालेला, दोन्ही दिवस मोजले जातात. कितीही वेळा गेलात तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० च्या वर राहता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं प्रवेश-निर्गमनाची नोंद संगणकावर, ठसे आणि फोटोसह घ्यायला सुरुवात केली आहे. तेव्हा 'शिक्का पुसट आहे, कोण बघतंय' हे आता विसरा.

विमा किमान ३०,००० युरोंचा, तोही पूर्ण मुक्कामाचा हवा. जुना आजार असेल तर पॉलिसीत तो वगळलाय का, हे तेवढं वाचा. तिकडं दवाखान्याचं बिल मित्राला भरायला लावणं कसं वाटेल?

कोल्हापूर ते मुंबई: खरा घोळ इथं होतो

युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०१.१०. आपण म्हणतो, पंधराची रात्र. प्रत्यक्षात ती चौदाची रात्र असते. तुम्ही १४ ला रात्री दहाच्या आत विमानतळावर हवेत, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस १३ तारखेच्या रात्रीची पकडायला हवी. १४ च्या रात्री गाडीत बसलात तर विमान उडेल तेव्हा तुम्ही पुण्याच्याही अलीकडं असाल. कॅलेंडरवर नुसती तारीख लिहू नका, 'चौदाच्या रात्री झोपायचं नाही' असं लिहा.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, मुंबईला विमानानं जाणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात आहेत का ते बघा. वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघायला बांधील नसते. अशा वेळी मध्ये तीन-चार तास नव्हे, एक आख्खा दिवस ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांसाठी वेगळंच गणित. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण विमानाच्या तारखेशी आपण ते जोडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली होती. शहरातून पुण्याकडं जायचं तर पंचगंगा ओलांडावीच लागते. कोकणातून वळसा घालावा म्हटलं तर त्याच पावसात घाटांचाही भरवसा नसतो. तेव्हा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि तुमचं विमान चार दिवसांवर असलं, तर बॅग उचला आणि पुण्याच्या पाहुण्यांकडं जाऊन बसा. पूर आला नाही तर चार दिवस पाहुणचार झाला. आला, तर विमान वाचलं.

बॅगेत काय भरलंय?

इथं मित्राचा भरवसा नसतो, मित्राची फर्माईश असते. "येताना कांदा-लसूण मसाला आण. आईनं केलेला."

आण की. पण मसाल्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. सिंगापूरमध्येही तसंच. विमान दुबईत नुसतं बदलायचं असेल तर सामान सहसा थेट पुढं जातं. पण 'वाटेत दोन दिवस दुबई बघू' असं ठरवलं, तर तीच बॅग घेऊन तुम्ही तिथल्या कस्टमसमोर उभे राहणार. आईला सांगा, या वेळी खसखस नको.

खोबऱ्याच्या वाट्या भरू नका. सुकं खोबरं हवाई वाहतुकीत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि मुंबईलाच काढून ठेवायला लावतात. मसाल्यात भाजून वाटलेलं खोबरं ही वेगळी गोष्ट. ठेचा आणि लोणचं हातातल्या बॅगेत नको, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे, बासुंदी, तूप, सगळं बाहेर. हापूस आणि कढीपत्ता रोपसंरक्षण प्रमाणपत्राशिवाय नाही. गूळ चालतो. सुकट-बोंबील नियमात बसतात, पण बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांचा विचार करा. मित्र ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये असेल तर खायची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केल्याचा जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. पन्हाळ्याला घातलेले बूट तेच असतील तर तळव्याची माती घासून काढा. तिकडं मातीलाही मज्जाव आहे.

चप्पल लाइनीतून कोल्हापुरी घेणार असाल तर मित्राला पाऊल कागदावर आखून त्याचा फोटो आणि लांबी पाठवायला सांगा. युरोपातल्या मापाचा आकडा इथल्या दुकानात उपयोगी पडत नाही.

आणि पेठेतला तो ठरलेला प्रसंग: निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू बांधलेली पिशवी घेऊन येतात, "आमच्या पोराला एवढं दे." विमानतळावर विचारतात, सामान तुम्ही स्वतः भरलंय का? काकूंसमोर पिशवी उघडा, बघा, मग भरा. काकू रागावतील, पण आत पोराच्या सर्दीचं औषध निघालं आणि तो जपानमध्ये असला, तर त्यातले काही घटक तिथं चालत नाहीत. स्वतःच्या गोळ्याही डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात.

पैशाचं थोडक्यात: कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावे लागतात, यूपीआय बहुतेक देशांत चालत नाही, आणि ओटीपी भारतातल्या नंबरावरच येतो, तेव्हा रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या.

तिथं पोहोचल्यावर

खिडकीतला अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, कुठं राहणार, कधी परतणार. उत्तर कागदावर आहे तेच द्या. "दोस्ताच्या घरी बाळ झालंय, सांभाळायला मदत करीन" हे आपल्याला माणुसकीचं वाटतं, पण ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांत ते काम धरलं जाऊ शकतं. मित्राचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा. मोबाइल नेमका तिथंच बंद पडतो.

मुक्कामाबद्दल एकच मोठी चूक सांगतो: मित्र पंधरा दिवस सोबत फिरेल, हे गृहीत धरणं. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्यानं वर्षाला किमान २० सुट्ट्या मिळतात. अमेरिकेत कायद्यानं एकही पगारी सुट्टी बंधनकारक नाही. त्यातल्या किती तुमच्यासाठी, हे निघण्याआधी विचारा आणि बाकीचे दिवस स्वतः आखा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच आणायचा. विनातिकीट लोकलमध्ये सापडलात तर ६० युरो. आणि तांबड्या रश्शाची फोडणी टाकण्याआधी खिडकी उघडा, नाहीतर छताचा धुराचा अलार्म सगळी इमारत जागी करतो.

अडलंच तर

व्हिसा नाकारला तर कारणांचा छापील कागद मिळतो. खुणा केलेलं कारण नीट वाचा. 'परत जाण्याचा हेतू पटला नाही' असं असेल तर मित्राचं आणखी एक पत्र जोडून काही होत नाही, तुमच्या इथल्या मिळकतीचे कागद वाढवावे लागतात. जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्ज बंद केलाय. त्यामुळे एकतर नव्यानं अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद. पुढच्या कुठल्याही अर्जात हा नकार लपवू नका.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग बर्लिनचा भारतीय दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गचा वाणिज्य दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घरी आईकडं ठेवून गेलात तर एका व्हॉट्सअ‍ॅपवर काम होतं.

बॅग पट्ट्यावर आली नाही तर मित्र बाहेर ताटकळतोय म्हणून घाईनं बाहेर पडू नका. आतल्याच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पत्ता मित्राच्या घराचा, फोन तिथं चालणारा द्या. बॅग मोडकी आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. तोवर घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा.