कॅनिंग स्टॉक रूटवर या चुका टाळा

"कॅनिंगला निघालोय, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) कोणती घेऊ?" ऑस्ट्रेलियातला हिवाळा जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विंचचं नंतर बघू. टायरमध्ये हवा किती ठेवणार, ते आधी सांगा.

कॅनिंग म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातली, गुरं हाकून न्यायची जुनी वाट. हॉल्स क्रीक ते विलूना सुमारे १,८५० किलोमीटर, वाटेत वाळूच्या ९०० टेकड्या. या वाटेची सगळ्यात जास्त नासाडी टायरमधली जादा हवा करते. चाक जागच्या जागी फिरतं, चालक मागे जाऊन वेगाने धाव घेतो, गाडी उड्या मारते आणि चढावर खड्डे पडतात. मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते भोगावे लागतात.

आमच्या चार गाड्यांतला एक गडी पंक्चरच्या भीतीने २८ पीएसआयच्या खाली यायला तयार नव्हता. कुनावारिट्जी ही वाटेवरची वस्ती सोडल्यावर एका टेकडीवर त्याने पाच वेळा धाव घेतली. सहाव्या वेळी गाडी माथ्यावरून उडाली आणि मागचा शॉक ॲब्सॉर्बर तुटला. सुटा भाग होता म्हणून निभावलं, तरी अख्खा दिवस गेला. मग त्याने १६ वर हवा उतरवली आणि लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचा हळू पण ताकदीचा गिअर-संच), दुसऱ्या गिअरमध्ये तीच टेकडी सावकाश चढला. मला आजही त्या दिवसाचा राग येतो. मी वाळू लागली की १८ वर येतो, चढत नसेल तर १६, मग १४. खडकाळ भाग आला की उतरून परत हवा भरतो. यात वेळ जातो. जाऊ द्या.

दुसरी चूक स्पिनिफेक्सची. हे चिवट गवत गाडीखाली अडकतं, तापलेल्या एक्झॉस्टला लागून पेटतं. पेट्रोल गाड्यांना धोका जास्त. जळालेल्या गाड्यांचे सांगाडे वाटेवर आहेत. मी तासातासाला थांबून, आडवा पडून, तारेच्या आकड्याने गवत ओढून काढतो. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावाच.

ट्रेलर नेऊ नका. समोरून येणाऱ्याला कळावं म्हणून गाडीवर उंच झेंडा लावा, टेकडीआधी यूएचएफ रेडिओच्या ४० नंबर चॅनलवर आवाज द्या. मधल्या इंधनासाठी कुनावारिट्जीत आधी फोन करा. बारा दिवसांच्या सुट्टीत हे बसवू नका, तीन आठवडे काढा.

आणि या वाटेवर जायचा परवाना काढा. "वाळवंटात कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. १९०६ मध्ये ही वाट आखणाऱ्या आल्फ्रेड कॅनिंगने पाणी दाखवायला स्थानिक माणसांना साखळ्यांनी बांधून नेलं. १९०८ मध्ये त्यावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, त्याला दोषमुक्त केलं गेलं आणि मग विहिरी खोदल्या गेल्या, बऱ्याचशा या लोकांच्याच पाणवठ्यांवर. गुरांचा शेवटचा कळप १९५९ मध्ये गेला. माणसं आजही तिथलीच आहेत. कुंपुपिंटिल तळ्याचं पात्र कोरडं, सपाट दिसलं तरी त्यात गाडी घालू नका. तिथले मूळ रहिवासी मार्तू लोक स्वतः त्या तळ्यात पाऊल टाकत नाहीत.