एचपीसीत मास्टर्स करायचंय? सुरुवात लॅपटॉपवरच्या एका गुणाकारापासून

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला एचपीसी (हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग, म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र वापरून मोठी गणितं लवकर सोडवणं) हा विषय आहे, त्यामुळे नाशिकच्या बऱ्याच मुलांनी ओपनएमपी (काम प्रोसेसरच्या कोअरमध्ये वाटणारं साधन) आणि कुडाचे (ग्राफिक्स कार्डवर चालणारे) प्रोग्राम लॅबमध्ये चालवलेले असतात. मास्टर्सला मात्र वेगळं विचारतात: प्रोग्रामला एवढाच वेळ का लागला? त्याची तयारी प्रवेशाआधी घरीच करा.

लिनक्सवर सी भाषेत 2000 × 2000 च्या, डबल प्रकारच्या (8 बाइटच्या) आकड्यांच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार लिहा. उत्तराचा धरून तीन मॅट्रिक्स मिळून 96 एमबी होतात. साध्या लॅपटॉपच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, ते मावत नाहीत, आणि तेच आपल्याला हवंय. आधी लूपचा क्रम आय-जे-के ठेवा, मग आय-के-जे (आय म्हणजे उत्तराची ओळ, जे म्हणजे स्तंभ, के म्हणजे बेरजेचा मोजक). गणित तेवढंच, 1600 कोटी क्रिया, तरी दुसरा क्रम बराच लवकर संपतो. कारण सी मध्ये ओळी सलग साठवतात. पहिल्या क्रमात दुसऱ्या मॅट्रिक्सचा स्तंभ वाचताना दर वेळी 16,000 बाइटची उडी पडते. 64 बाइटची कॅश लाइन (मेमरीतून एका वेळी येणारा तुकडा) येते, तिच्यातले 8 आकडे वापरायचे सोडून एकच वापरला जातो. हे नीट कळल्याशिवाय थ्रेडकडे (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांकडे) वळू नका.

मोजताना कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू ठेवा, चार्जर लावा, पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. एप्रिलच्या उकाड्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा मोजणी सकाळी केलेली बरी.

आता ओपनएमपीने तोच गुणाकार 1, 2, 4, 8 थ्रेडवर चालवा. वेळ निम्मा-निम्मा होत जाईल ही अपेक्षा सोडा. 95 टक्के काम वाटून देता आलं तरी अॅमडालच्या नियमाने (न वाटता येणारं कामच वेगाला मर्यादा घालतं) 8 कोअरवर वेग जास्तीत जास्त 5.9 पट होतो. कोअर कितीही वाढवले तरी 20 पटीच्या पुढे जात नाही. त्यात मेमरीची रुंदी (बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा येण्याचा वेग) आड येते: घड तोडायला दहा जण आणि क्रेट वाहायला एकच, अशी गत. बेरजेचं उत्तर दर वेळी भलतंच येत असेल, तर सगळे थ्रेड एकाच व्हेरिएबलवर लिहितायत. तिथे ओपनएमपीचं रिडक्शन वापरा: प्रत्येक थ्रेड स्वतःची बेरीज करतो आणि शेवटी त्या एकत्र होतात.

एमपीआय (वेगवेगळ्या प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याची पद्धत) मधली हमखास चूक: दोन्ही प्रोसेस आधी सेंड करतात आणि मग रिसीव्ह. छोटा संदेश बफरमध्ये मावतो म्हणून चालून जातो, मोठा पाठवला की दोघी एकमेकींची वाट बघत अडकतात. म्हणून चाचणी मोठ्या ॲरेवरच घ्या.

क्लस्टरच्या (जोडलेल्या अनेक संगणकांच्या) लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर, प्रोग्राम चालवू नका. तिथे फक्त फाइली संपादित करायच्या आणि स्लर्मला (कामं रांगेत लावणाऱ्या सॉफ्टवेअरला) जॉब द्यायचा. वेळ कमी मागितला तर जॉब मध्येच मारला जातो, फार जास्त मागितला तर रांगेत ताटकळतो. आधी छोट्या इनपुटवर मोजा आणि अंदाजाच्या दीडपट वेळ मागा.