लूप जोडला आणि इंजिन खोक्यातच राहिलं

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मॉडेल रेल्वेसाठी जागा म्हणजे पलंगाखाली सरकणारी सहा बाय चार फुटांची प्लायवूडची फळी. माप एचओ, म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. गाडी हाताने न उचलता उलट फिरून यावी म्हणून एका टोकाला लूप, म्हणजे वळून त्याच मार्गाला परत मिळणारा रूळ जोडला, वीज सोडली आणि रुळांना वीज पुरवणारा बूस्टर तडक बंद. इंजिन तर अजून खोक्यातच होतं!

डाव्या रुळावर लाल पेन्सिल धरा, उजव्यावर निळी, आणि कागदावर लूप फिरून या. सांध्याशी, म्हणजे लूप मूळ मार्गाला मिळतो तिथे, परतताना लाल रेघ निळीला भिडते. झाला शॉर्ट. हे चित्र काढल्याशिवाय सोल्डरिंग गनला हात लावू नका.

सांध्यालगत लूपच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ कापायचे. चार फटी, प्रत्येक जोडी समोरासमोर. मधल्या तुकड्याला वीज ऑटो-रिव्हर्सर या मॉड्यूलमधूनच द्यायची. चाक फटीवर येताच शॉर्ट होतो, मॉड्यूल तो हेरून तुकड्याची पोलॅरिटी (कुठला रूळ लाल, कुठला निळा) पालटतं, बूस्टर बंद पडायच्या आत. त्यासाठी मॉड्यूलची ट्रिपची मर्यादा, म्हणजे ज्या करंटला ते जागं होतं ती, बूस्टरपेक्षा कमी हवी. इंजिनाला याचा पत्ताही लागत नाही, कारण डीसीसीत, म्हणजे रुळांतूनच डिजिटल हुकूम धाडण्याच्या पद्धतीत, दिशा ठरते इंजिनातल्या डेकोडरला मिळालेल्या हुकमावर. जुन्या डीसीत दिशा रुळांच्या पोलॅरिटीवरच ठरते, तिथे असं पालटलं तर इंजिन मागे पळेल.

मी फसलो ते वेगळ्याच जागी. कापायला सोपं म्हणून फटी लूपच्या मधोमध घेतल्या, तुकडा जेमतेम ११० सेंटिमीटर. पाच डब्यांची गाडी १४० च्या आसपास. इंजिन पुढच्या फटीवर आणि शेवटच्या डब्याचं धातूचं चाक मागच्या फटीवर एकाच क्षणी आलं की दोन्हीकडे शॉर्ट, मॉड्यूलने कुठली बाजू सांभाळायची? हा क्षण दर फेरीला जुळत नसे, म्हणून मी मॉड्यूललाच दोष देत राहिलो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन शनिवार गेले, नवा मल्टिमीटरही आला. आत दिवे असलेले डबे लावले तेव्हा तर गाडी फेरीगणिक अडायला लागली: त्यांच्या दोन्ही बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे, रुळांतून वीज उचलतात, त्यामुळे फट बराच वेळ जोडलेली राहते.

शेजारचे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. त्यांनी एकच विचारलं, "गाडी मोजलीस का रे?"

जुन्या फटी सोल्डरने बुजवल्या, नव्या सांध्याजवळ कापल्या. तुकडा आता १९० सेंटिमीटर. काकांचं म्हणणं मात्र तेच आहे: "लोकल आण. दोन्ही टोकांना केबिन, वळवायची भानगडच नाही."