ओव्हरटाइम (ओटी) वजा करून पगारपत्रक वाचा: निर्वाह वेतनाच्या ऑडिटची तयारी

परदेशी खरेदीदाराने एसए 8000 चं, म्हणजे कामगारांना नीट वागवण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र मागितलं की गारमेंट कारखान्याचा एचआर पहिल्यांदा किमान वेतनाचा तक्ता शोधतो. तो लागतोच. मूळ वेतन आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, यांच्या खाली गेलात तर पुढचं बोलणंच नको. पण ऑडिटर तिथे थांबत नाही. एवढ्या पगारात घर चालतं का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. घर चालेल एवढा पगार म्हणजेच निर्वाह वेतन. मी आधी पगार विभागात होते, आता ही ऑडिटं करते. त्यामुळे आम्ही काय बघतो ते सरळच सांगते.

सुरुवात सगळ्यात कमी पगाराच्या माणसापासून करा. शिलाईच्या लायनीवर तो सहसा सापडत नाही. धागे कापणाऱ्या हेल्पर बायका, ठेकेदाराची झाडलोटीची माणसं, रात्रपाळीचा वॉचमन, इथे बघा. ‘ते आमच्या मस्टरवर नाहीत’ हे उत्तर मी आजवर खूप ऐकलंय. ते चालत नाही. ठेकेदाराकडून त्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणि बँकेत पैसे जमा झाल्याचा पुरावा आधीच मागवून ठेवा.

मग त्या पगारातून ओटी काढून टाका. 48 तासांच्या आठवड्याचं जे उरतं तेच मोजायचं. एक खाडा झाला की बुडणारा हजेरी भत्ता धरू नका. मालकाचा पीएफचा वाटाही नाही, त्यातून या महिन्याचा किराणा येत नाही. बोनस नक्की मिळणारा असेल तर बाराने भागून धरा. आणि शिस्तीच्या नावाखाली केलेली कपात दिसली तर ती वेगळी त्रुटी म्हणून लिहिली जाते, हे लक्षात असू द्या.

आता दुसरी बाजू, घरखर्च. यासाठी रिचर्ड आणि मार्था अँकर या वेतन-अभ्यासकांची पद्धत जगभर वापरतात. पौष्टिक पण साधा आहार, बऱ्यापैकी घराचं भाडं आणि वीज-पाणी, मग शाळा, दवाखाना, कपडे, प्रवास, आणि वर अडीअडचणीसाठी थोडी भर, बहुधा 5 टक्के. समजा जेवणखाण 11,000, घर 5,000, बाकी 9,000. झाले 25,000, भर धरून 26,250. घरात सरासरी 1.6 माणसं कमावती धरली तर एकाच्या हातात साधारण 16,400 रुपये पडायला हवेत. पीएफ, ईएसआय (कामगार विमा), व्यवसाय कर यांची कपात त्यावर चढवली की एकूण पगाराचा आकडा मिळतो. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे. तुमचे तुम्ही काढायचे. त्यासाठी संध्याकाळी कामगार जिथे खरेदी करतात त्या दुकानात जा. महिन्याची डाळ एकदम भरणाऱ्याला जो भाव पडतो तो पाव किलो नेणारीला पडत नाही.

आपल्याकडचा हिशेब याहून जुना आहे. 1957 च्या 15 व्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्यामागे त्याच्यासह प्रौढांच्या मापाने तीन खाणारी तोंडं, दर प्रौढामागे 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं आणि इंधन-दिवाबत्तीसह किरकोळ खर्चाला 20 टक्के असं सूत्र ठरवलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी 25 टक्के जोडले. मला विचाराल तर दोन्ही हिशेब करून फाइलला लावा. दोन आकड्यांत फरक का आला ते सांगता येणारा एचआर क्वचित भेटतो, आणि भेटला की बोलणं सोपं होतं.

कागद जुळवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. मस्टरवर रविवारची सुट्टी असते, आणि तुटलेल्या सुयांच्या वहीत त्याच रविवारच्या तारखेला सुई बदलल्याची नोंद, पुढे सुईचे तुकडे चिकटपट्टीने डकवलेले! गेटचं रजिस्टर, जनरेटरची वही, कटिंगची नोंद, सगळं आम्ही ताडून बघतो. तेजीचा एक महिना घेतो, मंदीचा एक.

मुलाखती सुपरवायझरला लांब ठेवून होतात. ‘पगार पुरतो का?’ असं मी विचारत नाही. शिकवलेलं उत्तर मिळतं. महिनाअखेरीस उसने कोणाकडून घेता, मुलं इथे आहेत की गावी, असं विचारते. आणि उचलीचं रजिस्टर बघते. वीस तारखेनंतर निम्मी लाइन उचल घेत असेल तर पगार पुरत नाही, हे कोणी वेगळं सांगायला नको.

तफावत निघाली म्हणून घाबरू नका. किमान वेतन न देणं ही एक गोष्ट, निर्वाह वेतनाला काही हजार कमी पडणं ही दुसरी. दुसरीसाठी टप्प्याटप्प्याचा आराखडा करा: कोणत्या श्रेणीला कधी, किती वाढ, पैसा कुठून येणार. मानकानुसार नेमलेल्या सामाजिक कामगिरी गटात कामगारांचे प्रतिनिधी असतातच. आराखडा त्यांच्यापुढे मांडा, त्यांच्या सह्या घ्या. खरेदीदारालाही दाखवा. दर पीसला दोन रुपये कमी करा म्हणणाऱ्याने तो वाचायलाच हवा.

प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून मिळतं आणि तीन वर्षं चालतं. मधल्या काळात पाहणीच्या फेऱ्या होतात, काही नेमकी तारीख न कळवताही. तेव्हा भाव दरवर्षी नव्याने घ्या, विशेष भत्ता बदलला की तक्ता बदला, आणि प्रत्येक हिशेबावर तो कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून केला ते लिहा.