मुलांचं गाणं दहावीपर्यंत टिकवायचं असेल तर

पाचवी-सहावीत हौसेनं गाण्याला घातलेली मुलं नववीत पोचली की क्लास सुटतो, नेमका तेव्हाच कान तयार व्हायला लागलेला असतो, म्हणून फार वाईट वाटतं. हिंदुस्थानी गायन शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी लिहितोय.

क्लास ठरवायच्या आधी एक अख्खा तास मागे बसून ऐका. सर किंवा ताई स्वतः गाऊन दाखवतात का, एकेकाला वेगळं म्हणायला लावतात का एवढं बघा. पहिल्याच महिन्यात स्टेजसाठी गाणं बसवून घेत असतील तर मी तरी तिथे घालणार नाही.

घरी तानपुऱ्याचं ॲप पुरतं, मुलाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा, ते गुरुजींना विचारून लावा आणि रोज 15-20 मिनिटं बसवा, त्यातली पहिली पाच मिनिटं फक्त सा. पेटी रोज नको. पेटीवर सूर आयता मिळतो, मूल तिच्या मागे मागे गातं आणि पेटी थांबली की सूर हलतो, तानपुऱ्यावर मात्र त्याला सूर स्वतः शोधावा लागतो आणि हे शोधणं म्हणजेच खरं शिक्षण आहे असं मला मनापासून वाटतं. मग अलंकार, म्हणजे स्वर ठरावीक क्रमाने फिरवायचे पलटे, मग भूप राग. सा रे ग प ध एवढेच पाच स्वर, सगळे शुद्ध, त्यामुळे लहान मुलांना लवकर सापडतो.

तालासाठी तबला घ्यायची घाई नको, हातावर तीनताल धरायला लावा. 16 मात्रा, टाळी 1, 5 आणि 13 ला, 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायचा. हाताने ताल धरून तोंडाने सरगम म्हणायची, सुरुवातीला गोंधळ होतोच, पण एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवायची ही सवय पोरांना फार कामाची आहे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा जरूर द्या, दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुणही मिळतात, फक्त प्रस्ताव शाळेतून जातो म्हणून अटी आणि तारखा नववीतच विचारून ठेवा. पण चार बंदिशी घोकून सर्टिफिकेट आणलं आणि राग ओळखता येत नाही असं होऊ देऊ नका, त्यापेक्षा एक परीक्षा उशिरा दिलेली बरी.

मुलग्यांचा आवाज साधारण 12-14 व्या वर्षी फुटतो, तेव्हा घरचेच म्हणतात गळा गेला, आणि पोरगं गप्प होतं. गळा गेलेला नसतो हो! गुरुजींच्या सल्ल्यानं पट्टी खाली आणा, वरचे सूर ताणायचे नाहीत, आणि या काळात ऐकणं वाढवा. किशोरीताई आमोणकरांचा भूप आठवडाभर रोज लावा, डिसेंबरात पुण्याला जमलं तर सवाई गंधर्व महोत्सवाचं एखादं सत्र, नाहीतर गावातली एखादी बैठक.

दहावीच्या वर्षी क्लास आठवड्यातून एकदाच ठेवा, गाण्याची परीक्षा नको, घरी दहा मिनिटं सा आणि एक आवडता राग. हे जूनमध्येच गुरुजींशी बोलून घ्या, म्हणजे मार्चनंतर परत आहे तिथून सुरू करता येतं.