आपल्या शिवाराच्या नकाशावर हरकत कशी नोंदवावी

बेळगाव शहराच्या भोवतीच्या गावांत, म्हणजे शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर, धामणे या पट्ट्यात किंवा वर काकती, होनगा, कडोलीच्या बाजूला, जमीन जाणार असल्याची बातमी बहुतेक वेळा गावात उशिरा पोचते. मोजणीदार बांधावर खुणा रोवतात तेव्हा लोक गोळा होतात, पंच कमिटीची बैठक बसते, मोर्चा ठरतो. मोर्चाला त्याचे मोल आहे. परंतु कायद्याने हरकत ऐकून घेण्याची जी मुदत दिलेली असते ती अनेकदा तोवर संपून गेलेली असते. म्हणून या लेखात भर दिला आहे तो मुदतीच्या आत, योग्य कार्यालयात, सर्व्हे नंबरासह लेखी हरकत देऊन तिची पोच हातात ठेवण्यावर.

आधी निर्णय कोण घेते ते स्पष्ट असावे. शहर आणि त्याला लागून असलेली जी गावे स्थानिक नियोजन क्षेत्रात जाहीर झालेली आहेत, तेथील मास्टर प्लॅन, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा आराखडा, 1961 च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली नियोजन प्राधिकरण तयार करते. बेळगावात हे काम नगरविकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला बुडा म्हणतो ते, पाहते. वसाहत योजना आखून त्यासाठी जमीन घेण्याचा अधिकार त्याला 1987 च्या नगरविकास प्राधिकरण कायद्याने मिळालेला आहे. त्याच्या अध्यक्षाची नेमणूक राज्य सरकार करते, मतदार नव्हे. त्यामुळे नगरसेवकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला निवेदन दिले म्हणजे प्राधिकरणाला हरकत दिली असे कधीही समजू नये. कॅन्टोन्मेंटची, म्हणजे लष्करी छावणीची, हद्द वेगळ्या, केंद्रीय कायद्याखाली येते. संविधानाच्या 243 झेडडी कलमानुसार जिल्हा नियोजन समितीही असते आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधूनच निवडावे लागतात. मात्र ती संपूर्ण जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करते, एखाद्या सर्व्हे नंबरावर नकाशात कोणता रंग, म्हणजे कोणता वापर, असावा हे तिथे ठरत नाही.

कोणत्या कायद्याची मुदत चालू आहे?

जाहिरात किंवा नोटीस हाती आली की पहिल्या परिच्छेदात कायद्याचे नाव आणि कलम शोधावे, कारण प्रत्येक कायद्याची मुदत निराळी आहे आणि एकीच्या भरवशावर दुसरी हुकते. मास्टर प्लॅनचा मसुदा राज्य सरकारकडून परत आल्यावर प्राधिकरण तो प्रसिद्ध करते आणि तेव्हापासून 60 दिवसांत कोणताही नागरिक लेखी सूचना देऊ शकतो. त्या विचारात घेऊन, आवश्यक वाटतील त्या बदलांच्या शिफारशींसह प्राधिकरणाने आराखडा पुन्हा सरकारकडे पाठवायचा असतो. येथे जमीनमालकच असले पाहिजे अशी अट नाही. कुळाने, शेतमजुराने, शेजारच्या गावातील पाणी वापरणाऱ्यानेही सूचना द्यावी.

मंजूर आराखड्यात पुढे एखाद्याच जागेचा वापर बदलायचा असेल, तर 1961 च्या त्याच कायद्याच्या 14-ए कलमाखाली दैनिकात जाहिरात देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यावी लागते. या जाहिराती लहान टायपात, आतल्या पानावर येतात, आणि शेतीचा पट्टा तुकड्या-तुकड्याने निवासी होतो तो बहुधा अशाच वाटेने. गावातील वाचनालयात दैनिके येत असतील तर एका तरुणाने आठवड्यातून दोनदा फक्त जाहिरातींची पाने चाळण्याचे काम अंगावर घ्यावे. कन्नड दैनिकेही त्यात हवीत. केवळ मराठी दैनिक वाचून भागत नाही.

बुडाच्या वसाहत योजनेत ज्यांची नावे महसूल दप्तरात आहेत त्यांना नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून 30 दिवसांत जमीन का घेऊ नये याची कारणे मांडता येतात. औद्योगिक वसाहतीसाठी 1966 च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याच्या 28 व्या कलमाखालील नोटिशीलाही ती मिळाल्यापासून 30 दिवस असतात. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा सर्वांत कडक आहे: 3-ए कलमाखालील अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून अवघे 21 दिवस, आणि पुढे 3-डी खाली घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी सरकारची होते. ज्या शेतकऱ्याने 60 दिवस असतात असे ऐकून महामार्गाच्या बाबतीत महिनाभर वाट पाहिली, त्याला पुन्हा ती संधी मिळत नाही.

बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात आपल्या शेतकऱ्यांनी न्यायालयात जो लढा दिला त्यात ‘झिरो पॉईंट’चा मुद्दा महत्त्वाचा होता, म्हणजे रस्ता अधिसूचनेप्रमाणे नेमका कोठून सुरू होतो हा. सुपीक तिबार पिकी जमीन वाचवा, ही मागणी न्याय्य होतीच. पण न्यायालयात धरून बोलता येईल असा मुद्दा अधिसूचनेच्या शब्दांतून निघाला. त्यामुळे अधिसूचना शब्दशः वाचावी, कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला शेजारी बसवून वाचून घ्यावी.

हरकत लिहिण्यापूर्वी

नकाशा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हरकत लिहू नये. प्राधिकरणाच्या कार्यालयात मसुद्याचा नकाशा आणि अहवाल दोन्ही पाहायला मागावेत. लोक नकाशा पाहतात आणि अहवाल सोडून देतात, वास्तविक लोकसंख्या किती वाढेल आणि किती जमीन लागेल याचे गृहीतक अहवालातच असते. निवासी भाग सामान्यतः पिवळा, औद्योगिक जांभळा आणि शेती हिरव्या छटेत असते, तरी प्रत्येक नकाशावरील सूची ताडून पाहावी. आपल्या शेतात उभे राहून सर्व्हे नंबर पाहण्यासाठी राज्य सरकारचे ‘दिशांक’ हे ॲप उपयोगी पडते. एकदा जमीन पिवळ्या रंगात गेली की पुढे बिगरशेतीचा विषय त्या रंगाच्या आधारेच पाहिला जातो, म्हणून रंगाच्या वेळीच बोलावे.

त्यानंतर जमिनीचा उतारा (आरटीसी) काढावा. नऊ क्रमांकाच्या रकान्यात अजून आजोबांचेच नाव असेल तर नोटीस त्यांच्याच नावाने निघणार आणि ती घेणारे कोणी नसणार. वारसा नोंद राहून गेलेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. भावकीतील वाद मिटेपर्यंत थांबू, असे म्हणत वर्षे जातात. ही नोंद आजच करून घ्यावी. अकरा क्रमांकाच्या रकान्यातील बोजा व इतर हक्कांच्या नोंदीही वाचाव्यात, आणि बारा क्रमांकाच्या रकान्यात पीक काय दाखवले आहे ते विशेष पाहावे. शेतात भात उभे असताना उताऱ्यावर जमीन पडीक दिसत असेल, तर सुपीक जमिनीचा आपला दावा पहिल्याच भेटीत कमकुवत होतो. सरकारच्या पीक सर्वेक्षण ॲपवरून शेतकऱ्याला स्वतः पिकाची माहिती आणि छायाचित्र नोंदवता येते. प्रत्येक हंगामात ते करावे.

हरकतीत काय लिहावे

सामुदायिक अर्जाच्या खाली शेकडो सह्या असतात, पण कोणाचा कोणता सर्व्हे नंबर याचा पत्ता नसतो. त्यावर कार्यालय एकच उत्तर देते आणि सर्वांचा विषय एकदम संपतो. म्हणून गावाचा एक अर्ज असावाच, त्याशिवाय प्रत्येक खातेदाराने आपली स्वतंत्र हरकत द्यावी. तिच्या सुरुवातीला अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि अर्जदाराचा जमिनीशी संबंध लिहावा. पुढे प्रत्येक मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात, क्रमांक देऊन मांडावा, म्हणजे त्याचे उत्तर न दिल्यास ते उघड दिसते.

मुद्दे जमिनीतून यावेत. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्याने केवळ ‘आमचे नुकसान होईल’ असे न लिहिता, पावसाळ्यात पाणी कोणत्या बांधापर्यंत चढते, किती दिवस उभे राहते, भराव घातल्यास ते कोणाच्या शेतात वळेल, हे सर्व्हे नंबरानिशी लिहावे आणि पुराची दिनांक असलेली छायाचित्रे जोडावीत. विहीर, पाट, गुरांची वाट, स्मशानाकडे जाणारा रस्ता, देवस्थानची जागा यांपैकी जे नकाशावर दाखवायचे राहिले असेल ते ग्राम नकाशाच्या प्रतीवर लाल शाईने दाखवावे. शक्य तेथे पर्यायही सुचवावा: अमुक बाजूला पडीक किंवा सरकारी जमीन आहे, रस्त्याची आखणी तिकडून का होऊ शकत नाही याची लेखी कारणे कार्यालयाने द्यावीत. पर्याय सुचवणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर बोट दाखवणे नव्हे, एवढे भान मात्र ठेवावे. शेजारच्या गावाशी बोलल्याशिवाय त्यांच्या शिवाराचे नाव घेऊ नये.

भाषेविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे अनेकजण केवळ कन्नड येत नाही म्हणून अर्जच करत नाहीत. संविधानाच्या 350 व्या कलमानुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठीतील हरकत ही पूर्ण हरकत आहे. माझा आग्रह असा की मूळ अर्ज मराठीत द्यावा आणि त्याला कन्नड भाषांतर जोडावे. हक्कही राहतो आणि वाचणाऱ्या कारकुनाला मुद्दा कळतो. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा आहे. 2005 च्या त्या कायद्याच्या सहाव्या कलमात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढेच पर्याय दिलेले आहेत, त्यामुळे आपल्या भागात तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा. कर्नाटकाच्या नियमांनुसार त्यात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा असते, शुल्क 10 रुपये असते, आणि उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. 15 किंवा 21 दिवसांच्या मुदतीत हे उत्तर हाती येणार नाही. माहिती मागवली आहे म्हणून हरकत थांबवू नये.

दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाने मोठ्या मेहनतीने सह्या गोळा करून अर्ज दिला होता. साहेबांनी तो हातात घेतला, चांगले बोलले, सर्वजण समाधानाने परत आले. सुनावणीच्या वेळी त्या कार्यालयाने असा अर्ज आलाच नसल्याचे सांगितले आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा.

ग्रामसभा आणि सुनावणी

कर्नाटकाच्या 1993 च्या पंचायत राज कायद्यानुसार वॉर्डसभा आणि ग्रामसभा दर सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हव्यात. तेथे ठराव मांडून पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्यावी आणि हरकतीला जोडावी. ठरावाने प्राधिकरणाचा हात धरला जात नाही; तरीही गावाने ठरावीक दिनांकास, इतक्या लोकांसमोर काय म्हटले होते याचा तो सरकारी पुरावा असतो. वॉर्डसभेत बायका बोलल्या तर अनेक गोष्टी नव्याने नोंदवल्या जातात, कारण पाणी, सरपण आणि चारा कोठून येतो ते त्यांना अधिक नेमके ठाऊक असते.

सुनावणीची नोटीस आली की प्रत्यक्ष हजर राहावे. महामार्गाच्या कायद्यात स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. तोंडी बोलण्यासोबत तेच म्हणणे लेखी द्यावे, त्याचीही पोच घ्यावी, आणि आपण काय बोललो ते इतिवृत्तात आले आहे का हे प्रत मागवून तपासावे. हरकत फेटाळली गेल्यास आदेशाची प्रत लगेच मागावी. आदेशात आपल्या क्रमांक दिलेल्या मुद्द्यांपैकी कशाकशाला उत्तर नाही यावर खूण करावी, आणि ती प्रत, पोच, ठराव व उतारा एकाच फाईलमध्ये घालून वकिलाकडे जावे.